बावन्न कोटींच्या खाली विकायचं नाही

दाराची बेल दुसऱ्यांदा वाजली तरी मिर्योंग स्वयंपाकघरातून हलली नाही. शेगडीवरचा पंखा तिने हळूच बंद केला. आत कोणी आहे हे बाहेर कळायला नको होतं. तिसऱ्यांदा बेल वाजली, मग दारावर काहीतरी चिकटवल्याचा आवाज आला आणि पोस्टमनची पावलं लिफ्टकडे गेली. पन्नासपर्यंत आकडे मोजून झाल्यावर तिने दार उघडलं आणि दारावरची चिठ्ठी ओरबाडून काढली. 'रजिस्टर पत्र आहे. घरी कोणी नव्हते. उद्या पुन्हा येऊ.' चिठ्ठीचा डिंक दारावर राहिला, तो तिने केस वाळवायच्या यंत्राने गरम करून पुसून टाकला. समोरच्या घरातल्या बाईने पाहिलं असतं तर? दालबित वसाहतीत रजिस्टर पत्र दोन प्रकारच्या माणसांना येतं. एक, ज्यांचं कोर्टात काम असतं, आणि दुसरी, ज्यांचं बँकेत थकलेलं असतं. मिर्योंगला वसाहतीत लेकीच्या नावाने ओळखत, आणि या बोरामच्या आईचं कोर्टात काही काम नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आधीची पाच पत्रं साध्या टपालाने आली होती, ती तिने किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लसूण घातलेल्या लोणच्याच्या फ्रिजमध्ये, सर्वांत खालच्या खणात ठेवली होती. त्या खणाला घरात दुसरं कोणी हात लावत नसे. एकही पत्र तिने उघडलं नव्हतं. न उघडलेलं पत्र म्हणजे न आलेलं पत्र, अशी तिने मनाची समजूत घातली होती. हसू नका, वाचकहो. आपल्यातल्या किती जणांच्या कपाटात, गादीखाली, देवाच्या फोटोमागे अशी पत्रं पडलेली असतात, ते ज्याचं त्याला ठाऊक.

घर तीन वर्षांपूर्वी घेतलं, पंचावन्न कोटी वॉनला. वॉनमध्ये सगळेच कोट्यधीश असतात, खिसा मात्र ज्याचा त्याचाच असतो. तेव्हा देगू शहरात घरांचे भाव रोज चढत होते आणि ज्याने घर घेतलं नाही तो मूर्ख, असं जेवणाच्या टेबलावरसुद्धा बोललं जाई. छत्तीस कोटींचं कर्ज झालं. व्याज बदलतं होतं. महिन्याचा हप्ता साडेचौदा लाखांवरून चढत चढत वीस लाखांवर गेला, आणि नेमकी त्याच सुमारास मिर्योंगचा नवरा गिसोक याच्या कारखान्यातली जादा वेळेची पाळी बंद झाली. गाड्यांचे ब्रेक बनवणारा तो कारखाना, पगाराचा तिसरा हिस्सा जादा वेळेतून यायचा. पहिले काही हप्ते क्रेडिट कार्डावर उचल घेऊन भरले. मग कार्डाचे हप्ते सुरू झाले. आता घराचा हप्ता थकून चौथा महिना लागला होता.

घर विकून मोकळं व्हावं, हे तिलाही कळत होतं. पण ते विकता येत नव्हतं, आणि त्याला कारण दुसरं कोणी नव्हतं, ती स्वतःच होती!

दोन वर्षांपूर्वी भाव घसरू लागले तेव्हा वसाहतीच्या महिला मंडळाने एक नियम केला. दालबितमधलं घर बावन्न कोटींच्या खाली कोणी विकायचं नाही. जो दलाल त्याहून कमी भावाची जाहिरात लावेल, त्याच्या दुकानात कोणी पाऊल ठेवायचं नाही. ही कल्पना मिर्योंगची होती. फाटकावरच्या फलकावरचा मजकूर तिने लिहिला होता, 'आपल्या घराची किंमत आपणच राखू!' तीनशेबारा घरांची दारं ठोठावून तिने सह्या गोळा केल्या होत्या. मंडळाची ती चिटणीस होती आणि तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

सातव्या मजल्यावरच्या युन्सोच्या आईने तो नियम मोडला होता. तिचा नवरा अचानक गेला, पैशांची निकड होती, तिने सत्तेचाळीसला घर विकलं. त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये तिला कोणी नमस्कार केला नाही. मंडळाच्या मोबाइलच्या गटात तिच्याबद्दल लिहिलं गेलं, 'एकीच्या घाईपायी आपल्या सगळ्यांच्या पाच पाच कोटींवर पाणी पडलं.' हे वाक्य लिहिलं होतं मिर्योंगने. युन्सोची आई सामान हलवताना कोणी खाली आलं नाही. इथे घर सोडताना शेजारी निदान हात लावायला येतात. तिने सगळे खोके एकटीने उचलले.

तो व्यवहार ज्यांनी केला, त्या प्यो मावशींचं दुकान फाटकासमोरच होतं. वय अडुसष्ट, घरांच्या दलालीत बत्तीस वर्षं काढलेली. मंडळाच्या बहिष्काराने त्यांची निम्मी गिऱ्हाइकं गेली होती.

त्या दिवशी दुपारी मिर्योंग वसाहतीच्या मागच्या दाराने बाहेर पडली, बाजाराला वळसा घालून प्यो मावशींच्या दुकानात शिरली आणि शिरल्या शिरल्या तिने काचेवरचा पडदा ओढला.

"अगं बाई!" प्यो मावशी चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "चिटणीसबाई! या या. माझ्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही असा ठराव आहे ना? मग आज पाय कुठे काढून ठेवलात?"

मिर्योंगला बसवेना. ती खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. "मावशी, मला घर विकायचंय. लवकर. कोणाला कळता कामा नये."

"विकल्यावर महिनाभरात सरकारी साइटवर मजला आणि भाव दोन्ही दिसतात. झाकणार कसं?"

"तोच मार्ग विचारायला आले." मिर्योंगने आवाज खाली केला. रात्र रात्र जागून तिने हे ठरवलं होतं. "कागदावर बावन्न लिहायचे. खरे घ्यायचे चव्वेचाळीस. वरचे आठ दिल्यासारखे दाखवायचे. म्हणजे वसाहतीचा भावही राहील, माझी इज्जतही राहील आणि कोणाचं नुकसानही नाही."

प्यो मावशींनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"कोणाचं नुकसान नाही? जो पोरगा घर घेईल, त्याच्या कागदावर आठ कोटी खोटे. चव्वेचाळीसचं घर घेऊन त्याने खरेदीचा कर बावन्नवर भरायचा? आणि तुझ्या शेजारणी तो खोटा आकडा वाचून म्हणतील, पाहा, बावन्न येतात! मग आणखी चार जणी घर न विकता बसून राहतील, थेट लिलावाची तारीख पडेपर्यंत. वर पकडली गेलीस तर दंड, आणि माझा परवाना जाईल तो वेगळाच. ऊठ. हे काम मी करायची नाही."

"मावशी, मी पाया पडते—"

"पाया पडू नकोस, मला कंबरेचं दुखणं आहे, उचलायला वाकता येत नाही. हप्ते किती थकलेत?"

हा प्रश्न तिला गेल्या चार महिन्यांत कोणी विचारला नव्हता. तिने पिशवीतून पाच पत्रं काढून टेबलावर ठेवली.

प्यो मावशींनी एक पत्र उचलून नाकाशी नेलं. "बँकेच्या पत्राला लसणाचा वास?"

"किमचीच्या फ्रिजमध्ये ठेवली होती."

"मुरवायला?" मावशी म्हणाल्या, आणि मिर्योंगला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू कोसळलं. मावशींनी रडू दिलं. त्या कात्रीने एकेक पाकीट उघडत गेल्या आणि वाचत गेल्या. पहिल्या पत्रात नुसती आठवण होती. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की अडचण असल्यास येऊन भेटावे, हप्ता कमी करण्याची सोय आहे. तिसऱ्यातही तेच होतं. पाचव्या पत्रात मात्र लिहिलं होतं की या महिनाअखेरीपर्यंत काही न झाल्यास संपूर्ण कर्ज एकदम मागितले जाईल आणि घर कोर्टाच्या लिलावाला जाईल.

"दुसरं पत्र वाचलंस?" मावशींनी विचारलं. "जून महिन्यातलं आहे. तेव्हा गेली असतीस तर वर्षभर नुसत्या व्याजावर निभावलं असतं. बँकेने दार उघडं ठेवलं होतं, तूच आतून कडी घातलीस."

"लोकांना कळलं असतं, मावशी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकूनच ठेवलीस तर हात कोण धरणार?" मावशींचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं मी हेच बघत आले. लिलावात पहिल्या खेपेला कोणी बोली लावत नाही. दुसऱ्या खेपेला भाव तीस टक्क्यांनी खाली येतो. तुझं घर जाईल चौतीस-पस्तीसला. घर जाईल आणि वर बँकेचं देणंही उरेल! आणि तेव्हा तो भाव साइटवर दिसेल, बरं का. वसाहतीचा भाव राखायला निघालेल्या बाईचं घर वसाहतीत सर्वांत स्वस्त जाईल."

मिर्योंगने डोकं धरलं. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"भाव काय मंडळाच्या ठरावाने ठरतो?" मावशी थांबेनात. "घेणाऱ्याला परवडेल तो भाव. तुम्ही नियम केलात आणि अडकलं कोण? ज्याला गरज नाही तो नाहीतरी विकत नव्हता. ज्याचं घर जळतंय त्यालाच तुम्ही बाहेरून कुलूप घातलंत. गुन्हा आहे तो, कायद्याने. मी तक्रार केली नाही, कारण उद्या तुम्हीच माझ्याकडे रडत याल हे मला माहीत होतं."

मग त्या एकदम व्यवहाराला लागल्या. एक तरुण जोडपं चव्वेचाळीसला घ्यायला तयार होतं. बँकेचं कर्ज आणि कार्डांची देणी फेडून पाचेक कोटी हाती उरले असते. कारखान्याजवळच्या जुन्या इमारतीत अनामत भरून भाड्याने राहायला तेवढे पुरतात. मावशींनी तिथूनच बँकेत फोन लावला आणि मिर्योंगच्या हातात दिला. पलीकडचा माणूस ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं की इतके दिवस फोन का उचलला नाही. विक्रीचा करार दाखवलात तर दोन महिने थांबू, असं त्याने सांगितलं आणि देणेकऱ्यांना मोफत सल्ला देणाऱ्या सरकारी कार्यालयाचा पत्ता दिला. सगळं बोलणं अकरा मिनिटांत झालं. या अकरा मिनिटांसाठी तिने चार महिने झोप घालवली होती!

"पण भाव खरा लिहायचा," फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या. "कबूल असेल तर उद्या करार. नसेल तर पडदा उघड आणि जा."

मिर्योंगने कबुली न देताच पत्रं पिशवीत भरली. ती घरी आली.

संध्याकाळी गिसोक आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात तिला एक कार्ड सापडलं. मोटारसायकलवरून रस्त्यावर फेकत जातात ना, तसलं. 'कागदपत्रांशिवाय आजच पैसे.'

"बोरामचे बाबा, हे काय?"

"एकच महिन्यासाठी," तो नजर चुकवत म्हणाला. "तोवर पाळी सुरू होईल."

"व्याज विचारलंत?"

"विचारलं असतं तर हिंमत झाली नसती." तो जमिनीवर बसला. "विकलं तर लोक काय म्हणतील? बांग गिसोकचं दिवाळं निघालं म्हणतील."

"निघालंच आहे. लोकांना उशिरा कळेल, एवढाच फरक."

आतल्या खोलीचं दार उघडलं. पंधरा वर्षांची बोराम उंबऱ्यात उभी होती. "विकून टाका," ती म्हणाली. "मला माहीत आहे. शिकवणीची फी थकलीय, ते मला ऑफिसात बोलावून सांगतात. मुली बाहेर उभ्या असतात."

"कधीपासून सांगतात?"

"ऑगस्टपासून. तुम्ही दोघं एवढं लपवत होता, मग मीपण लपवलं."

लपवायचं कसं हे मिर्योंगने पोरीला न शिकवता शिकवलं होतं. गिसोकने ते कार्ड मागून घेतलं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

एक काम मात्र उरलं होतं, आणि ते तिला टाळता येईना. प्यो मावशींकडून नंबर घेऊन तिने युन्सोच्या आईला फोन लावला. घरातल्या घरात येरझाऱ्या घालत तिने माफी मागितली, एकदा, दोनदा.

"तुमचं घर अडलं म्हणून माझी आठवण आली," युन्सोची आई शांतपणे म्हणाली. "राग मानू नका, पण ही माफी मला नको. तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंत ते सगळ्यांसमोर. कानात कुजबुजून ते पुसलं जात नाही." आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी मंडळाची सभा होती, ज्येष्ठांच्या खोलीत. खालून तापवलेल्या जमिनीवर वीस-पंचवीस बायका मांडी घालून बसल्या होत्या, मधे संत्र्यांची टोपली होती. नवा ठराव वाचायचं काम चिटणीस म्हणून मिर्योंगकडे होतं. ती उठली.

"हा ठराव मी वाचणार नाही," ती म्हणाली. "काल मी माझं घर विकलं. चव्वेचाळीसला."

संत्रं सोलणारे हात थांबले.

"काय?" पंधराव्या मजल्यावरची जुनहाची आई कडाडली. मंडळात सर्वांत खणखणीत आवाज तिचा. "चव्वेचाळीस? डोकं ठिकाणावर आहे का? तूच आमच्याकडून सह्या घेतल्यास ना?"

"घेतल्या. चुकलं माझं. चार महिने माझे हप्ते थकलेत. घर लिलावाला जाणार होतं. बेल वाजली की मी स्वतःच्याच घरात लपत होते. आणि सातव्या मजल्यावरच्या युन्सोच्या आईबद्दल जे लिहिलं ते मी लिहिलं. तिच्यावर आभाळ कोसळलं होतं आणि मी तिला भाव शिकवत होते. हे मी आत्ताच गटातही लिहिलंय, माझ्या नावाने. ती आता गटात नाही, म्हणून तेच तिलाही पाठवलंय."

"वा! स्वतःवर आलं की शहाणपण सुचतं!" जुनहाची आई म्हणाली. "आणि आमच्या घरांचं काय?"

"खरं आहे. स्वतःवर आल्यावरच सुचलं. आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं."

पुढे पुष्कळ आरडाओरडा झाला. कोणी तिला स्वार्थी म्हणालं, कोणी घरभेदी म्हणालं. ती खोलीतून बाहेर पडायच्या आतच तिला गटातून काढून टाकलं होतं. पण नवल सांगू? मिर्योंगला त्या दिवशी जेवण गेलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने दोन वाट्या भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचरा टाकून लिफ्टमध्ये शिरली तर आत जुनहाची आई. दोघी दोन कोपऱ्यांत उभ्या राहिल्या. दार मिटलं. मिर्योंगने बाराचं बटण दाबलं. तेवढ्यात जुनहाच्या आईने हात पुढे करून दोन, तीन, चार, पाच, सगळीच्या सगळी बटणं दाबली. लिफ्ट दर मजल्यावर थांबू लागली, दार उघडू लागलं, मिटू लागलं.

तिसऱ्या मजल्याचं दार मिटलं. मग दारावरच नजर ठेवून, तो खणखणीत आवाज अगदी पुसट करून तिने विचारलं, "प्यो मावशींचं दुकान किती वाजता उघडतं?"

मिर्योंगने तिच्याकडे पाहिलं. "किती महिने झाले?"

"सहा." पाचव्या मजल्याचं दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं. दार मिटल्यावर ती म्हणाली, "जुनहाच्या बाबांना माहीत नाही. काल मी तुला एवढं बोलले, कारण... तू बोलत होतीस आणि मला वाटत होतं, माझंच सांगतेय ही."

मिर्योंगला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. सातवा मजला येऊन गेला, आठवा आला, आणि जुनहाची आई हुंदका दाबत होती. ही बाई काल सभेत आग ओकत होती, आणि सहा महिने आगीतच उभी होती! वसाहतीत अशा आणखी किती असतील? बावन्न कोटींचा फलक जिथे जिथे लावला असेल, तिथे त्याच्या मागे किती घरांत बेल वाजल्यावर श्वास रोखला जात असेल?

"दुकान नऊला उघडतं," मिर्योंग म्हणाली. "पण आधी जुनहाच्या बाबांना सांग. मी येते बरोबर."

बारावा मजला आला, दार उघडलं. ती उतरली नाही. लिफ्ट पंधराव्यापर्यंत गेली.

वाचकहो, कर्ज थकणं हे दुर्दैव असतं, कधी चूकही असते, पण ते पाप नव्हे. पाप असलंच तर ते आपण दुसऱ्याचं तोंड बंद करतो त्यात आहे. शेजाऱ्याने घर स्वस्तात विकलं, गाडी विकली, मुलाची शाळा बदलली, की आपण लगेच त्याच्या पडतीचा हिशेब मांडतो, आणि मग आपल्यावर वेळ आली की त्याच हिशेबाला भिऊन गप्प बसतो. ज्याने पहिला हप्ता चुकला तेव्हाच बँकेचं दार ठोठावलं, त्याला वाट सापडते. ज्याने सहाव्यापर्यंत लपवलं, त्याचीही सापडते, पण अवघड होते. म्हणून आज घरात न उघडलेलं पाकीट असेल तर आजच उघडा. आणि तुमच्या जिन्यात कोणी अडचणीत आहे असं कळलं, तर कृपा करून त्याच्याशी बोलणं बंद करू नका. त्याच्या मजल्यापर्यंत सोबत जा.